नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

‘नॉमिनी हाच खरा वारस. बँकेत नाव लावलं की मृत्युपत्र नको, बाकी कुणाचा हक्क उरत नाही. नॉमिनी नसेल तर पैसे सरकारजमा.’ हा मेसेज माझ्या मावशीला आला, आणि तो पाठवला तिच्याच दिरानं. काका वारले; त्यांच्या लग्नाआधीच्या खात्यावर नॉमिनी म्हणून त्याचं नाव आहे. मावशी म्हणते, “कायदाच तसा असेल तर काय करणार?”

अगं मावशी, कायदा तसा नाहीच! खातेदार गेल्यावर बँकेनं पैसे कुणाच्या हाती द्यायचे, एवढंच नॉमिनीच्या नावानं ठरतं. बँक मोकळी होते. पैसे मात्र वारसांचेच राहतात. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९८३ मध्ये सरबती देवी खटल्यात विम्याच्या रकमेबाबत हेच सांगितलं. शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दल वाद उरला होता, तोही १४ डिसेंबर २०२३ च्या शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर निकालानं संपला: नामनिर्देशनानं, म्हणजे नॉमिनी नेमल्यानं, मालकी मिळत नाही, वारसा कायदाच चालतो. मृत्युपत्र नसलेल्या हिंदू पुरुषामागे बायको, मुलं-मुली आणि आई असताना भावाला एक रुपयाही मिळत नाही. मग नॉमिनी कुणीही असो.

मृत्युपत्र नको म्हणणं तर निव्वळ घातक, कारण नॉमिनीचं नाव मृत्युपत्राची जागा घेत नाही. नॉमिनी नेमला की आपल्याकडे सर्रास ‘बँकेत वारस लावला’ म्हणतात, तिथूनच हा घोळ सुरू होतो.

एक गोष्ट मान्य करावी लागते. विमा कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर, स्वतःच्या पॉलिसीवर आई-वडील, जोडीदार किंवा मुलांना नॉमिनी केलं तर ती रक्कम त्यांना हक्कानं मिळते. पण त्या यादीत भाऊ नाही, आणि बँकेचं खातं म्हणजे विमा नव्हे.

‘सरकारजमा’ हीसुद्धा थाप. दहा वर्षं पडून राहिलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण वारसांना ती नंतरही मागता येते. नॉमिनी नसला तर कागदपत्रं वाढतात, एवढंच.

मावशी, दिरानं पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर सही करू नकोस. बँकेला नुसता अर्ज देऊन भागणार नाही. नॉमिनीला पैसे देऊ नयेत असा न्यायालयाचा आदेश लागतो. त्यासाठी वकील याच आठवड्यात गाठू.