वेंगुर्ल्याची वखार, हेगचे कागद

महाराष्ट्रात एम.ए. झाल्यावर युरोपचं सोळावं-सतरावं शतक शिकायला नेदरलँड्समधल्या लायडनला निघाले, तेव्हा मामांनी विचारलं, "गोऱ्यांचो इतिहास शिकान काय करतलंस?"

मामा वेंगुर्ल्याचे. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ साली तिथे वखार घातली, ती गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या आपल्या जहाजांना रसद आणि बातम्या मिळाव्यात म्हणून. त्या पडक्या भिंतींआड आम्ही लपाछपी खेळलो. तिथून गेलेल्या पत्रांच्या नकला हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कंपनीचे हेगमधले सगळे कागद एका रांगेत लावले तर किलोमीटरभराहून लांब जातील.

सुरुवातीचे महिने मी नुसतं अक्षर ओळखायला शिकले. त्या काळच्या डच कारकुनाचा 'ई' उलटा दिसतो, 'एच'चं शेपूट खालच्या ओळीत घुसतं, कुठे शाईनेच कागद खाल्लेला. 'विंगुर्ला' हा शब्द माझा मला लागला, त्या दिवशी पुढची ओळ वाचवेना.

आपल्याकडे सिनेमा आला, कुणी भाषण केलं की घरच्या ग्रुपवर इतिहासावरून रात्र-रात्र वाद चालतो. वादाचं मला वावडं नाही. इथे नेदरलँड्समध्येही होतो. होर्न या डच गावाच्या चौकात कंपनीचा गव्हर्नर-जनरल यान पीटरझोन कूनचा पुतळा आहे. १६२१ साली जायफळासाठी त्याने इंडोनेशियातली बांदा बेटं जवळजवळ माणसांवेगळी केली. पुतळा काढा म्हणणारे आहेत, राहू द्या म्हणणारेही. पण ज्याला पडताळून बघायचंय त्याला त्या काळचे कागद खुले आहेत, आणि ते वाचायला शिकवणारा वर्गही आहे. मी मात्र मोडीचं एक पान न वाचता एम.ए. झाले, आणि पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद कोटींनी मोजावे लागतात! याचा मला मनापासून राग आहे. हौशीने शिकणाऱ्यांसाठी छोटे वर्ग भरतात, ते चालवणाऱ्यांना माझा नमस्कार. पण इतिहासाच्या एम.ए.ला मोडी सक्तीची हवी.

डच कागद म्हणजे सत्य, असंही नाही. व्यापाऱ्याला मिरीचा भाव दिसतो. त्याच्या जहाजावर पाणी भरणारा गडी त्याच्या पत्रात येतो तो फार तर खर्चाच्या आकड्यात. त्या गड्याला शोधायचं तर आपल्या बाजूचेही कागद वाचता यायला हवेत.

मागच्या आठवड्यात मामांना एका पत्राचा फोटो पाठवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि लगेच फोन केला, "ह्यात आमच्या गावाचा नाव खंय आसा?" तिसरी ओळ, म्हटलं, उजवीकडून दुसरा शब्द.