नुसती बारीक सिलिका पुरत नाही
पिकरिंग इमल्शनवरच्या (म्हणजे साबणासारख्या द्रव्याऐवजी बारीक कणांनी टिकवलेल्या तेल-पाण्याच्या मिश्रणावरच्या) लेखात ‘कुठलीही बारीक सिलिका चालेल’ म्हटलंय, ते पटलं नाही. साधी फ्यूम्ड सिलिका (ज्योतीत बनवलेली अतिबारीक पूड) पाण्यातच रमते, तेलाच्या थेंबावर नीट बसत नाही. अर्धवट जलविरोधी केलेली ग्रेड घ्या. संपर्ककोन (कण पाण्याने किती भिजतो ते सांगणारा कोन) ९० अंशांच्या जरा खाली असला की तेलाचे थेंब पाण्यात. वर गेला की उलटं. साधारण १ टक्का कण आधी पाण्यात गुठळ्या मोडून घ्या, मग तेल घालून रोटर-स्टेटर (वेगाने घुसळणारं यंत्र) दोनेक मिनिटं. चमच्याने ढवळून भागत नाही. दुसऱ्या दिवशी वर साय जमली तर घाबरू नका, थेंब मोठे म्हणून तरंगतात, हलवलं की परत मिसळतात. सुटं तेल दिसलं तर मात्र बहुधा कण कमी पडलेत. आणि ‘असू दे’ म्हणून वर ट्वीन (साबणासारखं इमल्सिफायर) ओतू नका, तो बरेचदा कणांनाच हुसकावतो.