वजन बरोबर आहे, मग पोटाचं काय? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. पोटाच्या घेरावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. चार ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं, म्हणून स्वतंत्रपणे लिहिते आहे.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुमचं वय ४१, उंची पाच फूट सात इंच, वजन ६५ किलो, पँट ३६ची. तीन महिने रोज दोनशे क्रंचेस मारले, वर घाम काढणारा पट्टा बांधला, तरी पोट होतं तिथंच आहे. माझ्या लेखात पोटाचा एकही व्यायाम नाही, उलट मी मधुमेहाची भीती घातली, असा तुमचा आक्षेप आहे. वजन बरोबर असताना पोट सुटलं तर तो दिसण्याचा प्रश्न, आजाराचा नव्हे, असं तुम्ही ठामपणे लिहिलंय. आणि शेवटी म्हणता की माझ्या लेखातला आहार एकट्यादुकट्याला जमतो, चार माणसांच्या घरात स्वयंपाक एकच होतो.

शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. मी ते ताट एकाच माणसाचं असल्यासारखं लिहिलं होतं. त्यावर पुढे येते. पण 'दिसण्याचा प्रश्न' हे मी मान्य करू शकत नाही, आणि त्याचं कारण माझ्या घरातलं आहे. माझे बाबा आयुष्यभर ६२ किलोच्या वर गेले नाहीत. हातपाय काटकुळे, आणि शर्टाची मधली दोन बटणं ताणलेली. घरात त्याचं कौतुकच होतं, 'खात्यापित्या घरचा माणूस' म्हणून. नेहमीचे डॉक्टर वजनकाट्यावर उभं करायचे आणि 'वजन छान आहे' म्हणून परत पाठवायचे. पोटाला टेप कुणीच लावली नाही. ४९व्या वर्षी जखम भरेना म्हणून रक्त तपासलं तेव्हा साखर कधीचीच वाढलेली होती. मी भीती घालत नाही. जे बाबांना कुणी सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते आहे.

आता तुमचेच आकडे घ्या. ६५ किलो आणि १७० सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) साधारण साडेबावीस. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे जवळजवळ तुमच्याइतकाच. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बीएमआयच्या तक्त्यात दोघंही 'योग्य वजन' या एकाच रकान्यात बसतात, पण त्या वजनात स्नायू किती आणि चरबी किती हे तक्ता सांगत नाही.

याची सुरुवात फार आधी होते. पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा याज्ञिक यांच्या गटाने अभ्यास केला. ही बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत बरीच लहान होती, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. किडकिडीत दिसणारं बाळ आतून चरबी राखून जन्माला येतं. पुढे बसून काम, वेळीअवेळी खाणं सुरू झालं की वाढीव चरबी पोटात जाऊन बसते. आतड्यांभोवतीच्या या चरबीतून निघणारी मेदाम्लं थेट यकृताकडे जातात, रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्शुलिनचं काम अवघड होतं, आणि हे सगळं वजनकाटा न हलताही होऊ शकतं. म्हणूनच आपल्याकडच्या पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर धरतात. तुमची ३६ची पँट म्हणजे ९१ सेंटिमीटर. शिवाय पोट सुटलेला माणूस पँट पोटाच्या खाली बांधतो, त्यामुळे खरा घेर त्याहून जास्तच असणार.

आता क्रंचेस. तुमची तीन महिन्यांची मेहनत वाया गेली असं मी म्हणणार नाही. पोटाचे स्नायू नक्कीच बळकट झाले असतील, पाठीलाही त्याचा आधार होतो. पण स्नायू त्याच्या शेजारची चरबी ओढून वापरत नाही. त्याला इंधन रक्तातून मिळतं, आणि रक्तात ते सगळ्या शरीरातून येतं. मोरीतलं पिंप काठोकाठ भरलेलं असलं तरी नळाला पाणी गच्चीवरच्या टाकीतूनच येतं, तसं हे आहे. १९७१मध्ये टेनिस खेळाडूंचे दोन्ही हात मोजले होते. रॅकेटचा हात वर्षानुवर्षं राबलेला, स्नायूंनी जाड झालेला, पण कातडीखालची चरबी दोन्ही हातांना सारखीच भरली. दोनशे क्रंचेस म्हणजे जेमतेम दहा मिनिटांचं काम. त्यात जेवढे उष्मांक जातात तेवढे दोन-तीन बिस्किटांतून परत येतात.

पट्टा मात्र आजच काढून ठेवा. चरबी वितळून घामावाटे गळत नाही. १० किलो चरबी शरीरात जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते, बाकीचं पाणी होतं. घामाने उतरलेलं वजन दोन तांब्ये पाणी प्यायलात की परत येतं.

मग काय करायचं? दम लागेल असं चालायचं. गाणं म्हणता येणार नाही पण बोलता येईल, इतका वेग. रोज ४५ मिनिटं, आठवड्यातून निदान पाच दिवस. आतली चरबी अशा व्यायामाला चांगली दाद देते, कधीकधी वजन तेवढंच राहून घेर उतरतो. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन दिवस जोर आणि बैठका. तालमीतल्या पोरांना पोटासाठी वेगळं काही कधी करावं लागलं नाही. मांड्यांचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे, जेवणानंतर रक्तात आलेली साखर ते भराभर उचलतात. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून उठणं-बसणं करा, तीही बैठकच आहे. आणि रात्री जेवल्यावर आपली जुनी शतपावली, दहा-पंधरा मिनिटं.

आता तुमचं स्वयंपाकघर. वेगळं ताट करूच नका. तेलाचा डबा बघा. चार माणसांत महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल तर माणशी रोज जवळपास ४२ मिलिलिटर झालं, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास उष्मांक नुसत्या तेलातून. ते तीन लिटरवर आणलं तर प्रत्येकाचे रोज सव्वाशे-दीडशे उष्मांक कमी होतात, ४५ मिनिटं चालण्यात जातात त्याच्या जवळपास, आणि सगळ्या घराचे. फोडणी पळीने न ओतता चमच्याने मोजून घाला. पहिला आठवडा भाजी कोरडी वाटेल, नंतर जीभ सरावते.

दुसरं म्हणजे डाळ. आपल्या पातळ वरणाच्या वाटीत डाळ चमचा-दोन चमचेच असते, बाकी पाणी. वरण घट्ट करा, मटकी-मुगाची उसळ रोजच्या जेवणात आणा, चालत असेल तर अंडी, मासे. उसळीची वाटी मोठी आणि भाताची लहान. भाकरी-चपाती सोडायची गरज नाही, तिसरीचौथी सोडा. सगळ्यात मोठा खड्डा मात्र संध्याकाळी पाचचा आहे: चहा, खारी, चिवडा, फरसाण. दिवसाला चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ३० ग्रॅमहून जास्त साखर फक्त चहातून. आणि उपवासाला साबुदाण्याची खिचडी खाऊन पोट उतरेल अशी आशा ठेवू नका, साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च.

दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं, या वादात मला पडायचं नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दोन वेळा जेवून माझ्या जावेचा घेर उतरला, आणि माझ्या मते त्यात मोठा वाटा पाचचं फरसाण बंद झाल्याचा होता. तुम्हाला जे वर्षभर पाळता येईल ते निवडा. मात्र साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन सुरू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बदलू नका.

किती दिवसांत उतरेल हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. माझा घेर ९४ वरून ८६ यायला सात महिने लागले. पहिल्या महिन्यात टेप जेमतेम एका सेंटिमीटरने हलली होती आणि मी रडकुंडीला आले होते. अजून ८०ला पोचायचंय.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी), एवढं रक्त याच आठवड्यात तपासा. आणि सकाळी काही न खाता, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरून, पोट आत न ओढता, श्वास सहज सोडून झाल्यावर घेर मोजा. तो आकडा मला कळवा, मी वाट बघते आहे.