‘पाचशे शब्द सांगून मेलेली भाषा शिकवली’: एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. तुमची तक्रार मी दोनदा वाचली. ‘चार दिवसांत पाचशे इंग्रजी शब्द’ ही जाहिरात बघून तुम्ही स्पर्धा परीक्षेसाठी १२०० रुपये भरलेत, आणि सरांनी हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीतलं ‘फारान’ हे एकच क्रियापद उगाळत बसून वेळ घालवला, असं तुमचं म्हणणं आहे.

आधी माझ्या चुका. दोन दिवस वर्ग वीस मिनिटं उशिरा सुरू झाला. नोट्समधली जुनी अक्षरं फॉन्ट नसल्याने चौकोन होऊन छापली गेली, आणि मी न बघताच झेरॉक्स वाटल्या. जाहिरातही फसवी वाटण्यासारखी होती. ती कालच बदलली.

पण ‘मेलेली भाषा’ मान्य नाही. ‘फारान’ म्हणजे जाणे, प्रवास करणे. जर्मनमध्ये त्याचा भाऊबंद आजही रोजच्या बोलण्यात आहे. इंग्रजीत तो मागे पडला, पण त्याची पोरंबाळं तुमच्याच प्रश्नपत्रिकेत बसली आहेत. बसचं ‘फेअर’ म्हणजे आधी प्रवास, मग प्रवासाचे पैसे. ‘थरोफेअर’ म्हणजे आरपार जाणारा रस्ता. ‘वॉरफेअर’ म्हणजे मुळात लढाईवर जाणं. ‘वेल्फेअर’ म्हणजे बरं चाललेलं असणं. आपण नाही का विचारत, ‘कसं चाललंय?’ ‘फेअरवेल’ म्हणजे नीट जा. (आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात, म्हणून हा शब्द आपल्याला जरा परका वाटत असावा.) आणि ‘हाऊ डिड यू फेअर इन द एक्झाम?’ याचं मराठी काय? परीक्षा कशी गेली! अगदी तेच क्रियापद. यादी पाठ करून हे सापडत नाही.

गेटवेहून मांडव्याला जाते ती ‘फेरी’ही याच घरातली. ‘तरणे’वरून ‘तारणे’ होतं, तसं तिकडे ‘जाणे’वरून ‘पलीकडे नेणे’ झालं. आपली प्रभातफेरी मात्र वेगळी, ती फिरण्यातली. ‘फारान’च्याच मुळातून संस्कृतातला ‘पार’ही आला आहे. ‘प’चा ‘फ’ कसा झाला, हे पितृ–फादर, पाद–फूट या जोड्यांवरून फळ्यावर दाखवलं होतं. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेला नियम आहे तो, माझ्या पदरचा नाही.

‘गो-वेंट तर पाचवीतलं पोरगंही सांगेल,’ असंही तुम्ही लिहिलंय. सांगेल की. पण ‘वेंट’च का, ते सांगणार नाही. ‘गो’चा जुना भूतकाळ अगदीच वेगळा होता, ‘एओडे’. तो हरवला आणि ‘वेंड’ म्हणजे वळणे, त्याचा भूतकाळ उसना घेतला. यात हसण्यासारखं काही नाही. आपणही ‘जातो’, ‘जाईन’ म्हणतो आणि भूतकाळात एकदम ‘गेला’ म्हणतो. ‘जा’ हा ‘या’ धातूतून आला, ‘गेला’ हा ‘गम्’च्या ‘गत’मधून. दोन धातूंचा संसार आपण रोज चालवतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. यावर दीड तास गेला हे खरं. तो मला जास्त वाटत नाही.

तरीही तुम्हाला यादीच हवी होती, आणि ती मागण्याचा तुमचा हक्क होता. पावती घेऊन संध्याकाळी सहा ते आठमध्ये या, निम्मी फी परत देतो. चौकोन नसलेल्या नोट्सही काढून ठेवल्या आहेत.

एक उत्तर माझ्याकडे बाकी आहे. शेवटच्या दिवशी तुम्ही विचारलंत, ‘अफेअर’ यातलंच का? मी ‘बघून सांगतो’ म्हणालो, आणि तुम्ही ‘सरांना येत नव्हतं’ असं लिहिलंत. खरंच येत नव्हतं. आता बघितलं: नाही. तो फ्रेंचमधून आलाय, मूळ अर्थ ‘करायचं काम’. जत्रेचा ‘फेअर’सुद्धा फ्रेंचकडूनच आलेला, आणि गोऱ्या रंगाचा ‘फेअर’ तिसराच.