'चावी जास्त दिली म्हणून स्प्रिंग गेली' हे खरं नाही

जुन्या चावीच्या ग्रामोफोनबद्दल एक मजकूर सध्या जिकडेतिकडे फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं : चावी जास्त दिली की स्प्रिंग जाम होऊन कायमची जाते, म्हणून अर्धीच चावी द्यावी. वाजताना धप्प आवाज आला की स्प्रिंग तुटली समजावं. आधी आत तेलाचा फवारा मारून बघावा. तेवढ्याने भागलं नाही तर हँडल काढून डबी उघडावी आणि त्याच रुंदीची, जमल्यास जरा जाडच, नवी स्प्रिंग बसवावी.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण यातलं बरंचसं चूक आहे आणि एक सल्ला तर हाताबोटांवर बेतणारा आहे. आपल्याकडे अजूनही माळ्यावरून एचएमव्हीची पेटी निघते, बऱ्याचदा 102 नंबरची. हे मॉडेल 1931 साली आलं आणि पुढे कित्येक वर्षं बनत राहिलं. एकाच स्प्रिंगवर चालणारं ते एक अतिशय नेटकं यंत्र आहे. अशा पेटीतली धडधाकट स्प्रिंग लोक फेकून देतात तेव्हा फार वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी जास्त चावीचं बघू. ही स्प्रिंग म्हणजे सुमारे इंचभर रुंदीची, काही मीटर लांबीची पोलादी पट्टी. गोल डबीत ती वेटोळं करून बसवलेली असते. बाहेरचं टोक डबीच्या भिंतीतल्या हुकात आणि आतलं टोक मधल्या दांड्यावरच्या हुकात अडकतं. चावी देताना वेढे भिंतीपासून सुटून दांड्यावर आवळले जातात. सगळे वेढे दांड्याला लगटले की हँडल पुढे जात नाही. त्यालाच पूर्ण चावी म्हणतात, आणि यंत्र ती पेलण्यासाठीच बनवलेलं असतं. या अवस्थेत स्प्रिंगची ओढ सगळ्यात जास्त असते, मग ती जाम कशी होईल?

पूर्ण चावी असूनही यंत्र हलत नसेल, तर अडथळा दुसरीकडे आहे. गव्हर्नरच्या, म्हणजे तबकडीचा वेग एकसारखा ठेवणाऱ्या भागाच्या, टोकांना घातलेलं तेल चिकट होऊन सुकलेलं असतं, नाहीतर डबीतलं ग्रीस वाळून वेढे एकमेकांना चिकटलेले असतात. यंत्र चालत नाही म्हणून कुणीतरी हँडल फिरवत राहतं, शेवटी ते थांबतं आणि पेटी तशीच वर ठेवली जाते. वीस-तीस वर्षांनी ती ज्याच्या हाती येते त्याला पूर्ण चावी दिलेलं, बंद पडलेलं यंत्र दिसतं. ही समजूत अशीच रुजली. हँडल थांबल्यावरही जोर लावला तर हुक फाटू शकतो, हे मात्र खरं. पण तो जबरदस्तीचा परिणाम आहे, पूर्ण चावीचा नव्हे.

अर्ध्या चावीने उलट गाण्याचंच नुकसान होतं. दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटं चालते, म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्यांच्या हिशेबाने सव्वादोनशेहून जास्त फेरे. ओढ गरजेपेक्षा थोडी जास्त असेल तोवरच गव्हर्नर वेग धरून ठेवतो. ओढ कमी पडली की बालगंधर्वांचा आवाजसुद्धा शेवटच्या तानेला जड होऊन खाली बसतो. म्हणून प्रत्येक बाजूआधी हँडल सहज थांबेपर्यंत चावी द्यावी. हां, पेटी महिनोन् महिने बंद ठेवायची असेल तर स्प्रिंग उतरवून ठेवावी. त्या मजकुरातही हे कुठेतरी आलंय, आणि तेवढं बरोबर आहे.

आता धप्प आवाज. स्प्रिंग तुटते तेव्हा एकदाच मोठा दणका बसतो आणि त्यानंतर हँडल कितीही फिरवलं तरी ताण जाणवत नाही. वाजताना अधूनमधून धप्प होत असेल, सुई दचकत असेल आणि गाणं पुढे चालू राहत असेल, तर स्प्रिंग शाबूत आहे. अशी डबी उघडली की कारण समोरच दिसतं. काळं ग्रीस वाळून पापुद्रे झालेलं असतं, नखाने खरवडलं तर भुकटी पडते. चिकटलेले वेढे ताणाखाली एकदम सुटतात, त्याचा तो आवाज. स्प्रिंग बाहेर काढून रॉकेलने धुतली, फडक्याने पूर्ण कोरडी केली आणि ग्रॅफाइट मिसळलेल्या ग्रीसचा पातळ थर पट्टीभर लावला की बहुतेक वेळा आवाज बंद होतो. मोकळी सोडल्यावर ती डबीपेक्षा कितीतरी मोठ्या वेटोळ्यात उलगडली तर जीव आहे. डबीएवढीच आखडून पडली, किंवा गंजाने खड्डे पडलेले दिसले, तरच नवीचा विचार करावा.

फवाऱ्याबद्दल फार लिहायला नको. तो बंद डबीत पोचत नाही. पोचलाच तर ग्रीस पातळ करून बाहेर आणतो, आणि ते गव्हर्नरच्या ब्रेकच्या चामड्यावर किंवा फेल्टवर गेलं की वेग स्थिर राहत नाही.

खरी काळजी वाटते ती 'हँडल काढून डबी उघडावी' या सल्ल्याची. हँडल काढल्याने ताण जात नाही, चावी उलटी फिरू न देणारा खटका तो धरून ठेवतो. अशा यंत्राचा गव्हर्नर सोडवला तर दातेरी चाकं बेफाम सुटतात आणि दाते झडतात. डबी उघडली तर पट्टी उसळून थेट हातावर येते, आणि तिच्या कडा पात्यासारख्या असतात. आधी ब्रेक सोडून टर्नटेबल आपोआप थांबेपर्यंत फिरू द्यावं. ते फिरतच नसेल तर हँडल घट्ट धरून खटका उचलावा आणि हँडल हातातून निसटू न देता फेऱ्याफेऱ्याने उतरवावं. उतरवलेली स्प्रिंगसुद्धा डबीत दबलेलीच असते. म्हणून जाड चामडी हातमोजे आणि चष्मा हवाच. डबी गोणपाटात धरून मधल्या टोकापासून एकेक वेढा काढावा. पक्कडीने हिसका देऊ नये, पट्टीला मुरड पडते आणि पुढे ती तिथेच तुटते.

आणि ती जाड स्प्रिंग? ओढ जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लांबी-रुंदी तीच ठेवून 0.5 मिलिमीटरऐवजी 0.6 मिलिमीटर जाडी घेतली तर ओढ जवळजवळ पावणेदोन पट होते. हा सगळा भार हुकांवर आणि दात्यांवर येतो. आवाज मात्र रतीभरही वाढत नाही, कारण वेग गव्हर्नर ठरवतो आणि आवाज साउंडबॉक्स, म्हणजे सुई बसवलेली पडद्याची गोल डबी. शिवाय जाड पट्टी डबीत जागा खाते. डबीची भिंत आणि दांडा यांच्यामधली निम्मी जागा स्प्रिंगने व्यापली तर सर्वांत जास्त फेरे मिळतात. त्याहून भरली की ते कमी होतात.

स्प्रिंग खरोखर तुटली असेल तर आधी कुठे तुटली ते बघा. बाहेरच्या हुकाजवळ तुटली असेल तर जुनीच वाचते. पट्टीला ओलं फडकं गुंडाळून फक्त टोक तापवून मऊ करतात, नवं भोक पाडतात आणि कडा कानशीने गुळगुळीत करतात. लांबी बोटभर कमी झाली तर वाजण्यात फरक कळत नाही. मधोमध तुटली असेल तर नवी घ्यावी लागते. तेव्हा दुकानदाराला नुसती रुंदी सांगू नका. जाडी मायक्रोमीटरने मोजा, लांबी आणि डबीचा आतला व्यास द्या, दोन्ही टोकांच्या भोकांचा आकार कागदावर काढून द्या, आणि वेढे कोणत्या दिशेने होते तेही लिहा. दिशा उलटी झाली तर मधला हुक स्प्रिंगला धरणारच नाही.