स्कोप आज विचारताय, पदवी चार वर्षांनी मिळणार आहे

प्रवेशाचे दिवस आले की इनबॉक्समध्ये ठरलेला प्रश्न येतो: सध्या कशाला स्कोप आहे?

या प्रश्नाला नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. शैक्षणिक कर्ज काढणाऱ्या पोराला ‘आवडेल ते शिक’ म्हणायला आपलं काय जातं? हप्ते त्याला फेडायचेत. नोकरीचा विचार करावाच. पण तो आजची भरती बघून होतो, घोळ तिथे आहे.

2014 च्या मध्यापर्यंत कच्चं तेल बॅरलला 100 डॉलरच्या वर होतं. पेट्रोलियम इंजिनिअरिंगला तेव्हा केवढा भाव! जानेवारी 2016 मध्ये तेल 30 डॉलरच्या खाली. तेजी बघून आत शिरलेली पोरं बाहेर पडली ती ऐन मंदीत. कॉम्प्युटर सायन्सचं नेमकं उलटं झालं. डॉट-कॉमचा फुगा (इंटरनेट कंपन्यांच्या शेअर्सची अवास्तव तेजी) 2000 च्या सुमारास फुटल्यावर अमेरिकेत त्या शाखेकडे वळणारे काही वर्षं घटत गेले, आणि जे तरीही चिकटून राहिले त्यांना पुढे स्मार्टफोनचा जमाना सापडला. रिचर्ड फ्रीमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकातच इंजिनिअरांबाबत हे चक्र मांडलं होतं: पगार चढले की प्रवेश वाढतात, सगळे एकदम बाजारात उतरतात, पगार पडतात, प्रवेश आटतात, पुन्हा टंचाई. गेल्या हंगामाचा भाव बघून पेरणी करण्यातलाच प्रकार.

भाकितांवरही फार विसंबू नका. रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर, घडवणं आता थांबवा, ते काम AI करेल, असं AI संशोधक जेफ्री हिंटन 2016 मध्ये म्हणाले होते. माणूस साधासुधा नाही, 2024 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांच्याकडे आहे. रेडिओलॉजिस्ट मात्र अजून कामावर आहेत, आणि बऱ्याच देशांत कमीच पडताहेत.

मग बघायचं काय? माझ्या मते सगळ्यात आधी हे, की त्या कामाला परवाना लागतो का. नर्सिंग, वैद्यकीय, वकिली यांचं दार एकच. ते ठरलेलं शिक्षण नसेल तर बाहेर. प्रोग्रॅमिंग, डिझाइन, मार्केटिंग, पत्रकारिता यांना मात्र चार बाजूंनी वाटा आहेत. गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, अगदी भाषा शिकलेलेही तिथे पोचतात. त्यामुळे दुसऱ्या गटातल्या कामासाठी नावडती पदवी गळ्यात बांधून घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. पहिल्या गटात मात्र ‘नंतर बघू’ चालत नाही.

प्लेसमेंटचं पत्रक आलं की सरासरी पॅकेजवर काट मारा. दहापैकी नऊ जणांना 4 लाख आणि एकाला 44 लाख मिळाले तर सरासरी येते 8 लाख, आणि 8 लाख कुणालाच मिळालेले नसतात. सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर येणारा मधला आकडा (मीडियन) विचारा. ‘95 टक्के प्लेसमेंट’ दिसलं तर कशाच्या 95 टक्के तेही विचारा. बऱ्याचदा त्यात फक्त नोंदणी केलेलेच धरतात, सगळा वर्ग नाही. (हे विचारल्यावर फोनवर पलीकडे जी शांतता पसरते, तीही बरंच सांगून जाते.)

आणि एक संध्याकाळ काढून नवख्यांसाठीच्या पंधरा-वीस जाहिराती वाचा. ‘फ्रेशर’ म्हणून खाली दोन वर्षांचा अनुभव कितीजण मागतात ते मोजा. मग शेजारी अभ्यासक्रम उघडा, तोही शेवटच्या वर्षाचा. पहिलं वर्ष बऱ्याच शाखांत सारखंच दिसतं. खरा विषय तिसऱ्या-चौथ्या वर्षात कळतो आणि तिथवर फारसं कुणी वाचत नाही.