‘अकाउंट काढून पुन्हा टाका’ म्हणजे शेअर्ड फोल्डरवरचा इलाज नव्हे

मेल सर्व्हर बदलला आणि शेअर्ड फोल्डर दिसेनासे झाले की ॲडमिन मंडळींमध्ये एक मजकूर हमखास फॉरवर्ड होतो. त्याचा सारांश असा: मेल नव्या सर्व्हरवर आले म्हणजे परवानग्याही आल्या. फोल्डर दिसत नसेल तर दोष मेल प्रोग्रॅमचा, अकाउंट काढून पुन्हा टाका. तरी नाही दिसला तर डीएनएस, म्हणजे सर्व्हरच्या नावाचा नवा पत्ता सांगणारी इंटरनेटवरची नोंद, पसरायची वाट बघा. घाई असेल तर सगळ्यांना पूर्ण हक्क देऊन टाका. फोल्डर दिसला की काम संपलं, जुना सर्व्हर बंद करा.

सल्ला सुटसुटीत आहे, म्हणून फिरतो. पण तो ऐकणाऱ्या ॲडमिनचे दिवस वाया जातात आणि लोकांचे मेल धोक्यात येतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘मेल आले म्हणजे परवानग्याही आल्या.’

इथेच गाडी रुळावरून घसरते. मेल प्रोग्रॅम सर्व्हरशी ज्या ठरलेल्या पद्धतीने बोलतो त्या आयमॅपमध्ये मेल आणि त्या फोल्डरवर कोणाचा कोणता हक्क याची यादी, म्हणजे एसीएल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एसीएलमध्ये प्रत्येक हक्कासाठी एक अक्षर असतं. मूळ आयमॅपमध्ये एसीएल नाहीच. ती आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा क्रमांकित दस्तऐवज) ४३१४ या २००५च्या स्वतंत्र विस्तारात येते. मेल हलवायला सर्रास वापरलं जाणारं आयमॅपसिंक आपणहून एसीएल नेत नाही, त्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो. तो दिला तरी एका सर्व्हरवरच्या अक्षराचा अर्थ दुसऱ्यावर वेगळा असू शकतो, असा इशारा त्याच्याच माहितीपत्रात आहे. इशारा रास्त आहे. १९९७च्या जुन्या आरएफसी २०८६मध्ये ‘डी’ हा डिलीट करण्याचा एकच हक्क होता. २००५मध्ये त्याचे तीन झाले: अख्खा फोल्डर काढणं ‘एक्स’, मेलवर डिलीटची खूण करणं ‘टी’ आणि खूण केलेले मेल कायमचे पुसणं ‘ई’. जुन्या यादीतला ‘डी’ नव्या सर्व्हरवर यांपैकी नेमका कशात उतरला, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

याहून जास्त वेळा आढळणारं कारण अगदी साधं असतं. जुन्या सर्व्हरवर लोक नुसत्या नावाने लॉगिन करत होते, नव्यावर पूर्ण ईमेल पत्त्याने करतात. डोव्हकॉट या आयमॅप सर्व्हरमध्ये फोल्डरच्या एसीएल फाइलमध्ये ‘युजर’, बरोबरचं चिन्ह, नाव आणि पुढे हक्कांची अक्षरं, अशी एक ओळ असते. ती ओळ जशीच्या तशी नव्या सर्व्हरवर आली, अक्षरंही बरोबर आहेत, पण त्या नुसत्या नावाचा माणूस आता तिथे नाही. मग तो हक्क कोणालाच लागू होत नाही. एरर येत नाही, फोल्डर फक्त दिसत नाही. अशा वेळी अकाउंट कितीही वेळा काढून घातलं तरी काय होणार?

‘दोष मेल प्रोग्रॅमचा, अकाउंट काढून पुन्हा टाका.’

प्रोग्रॅमने साठवलेली जुनी प्रत बिघडलेली असेल तर याचा उपयोग होतो, हे मान्य. पण त्यासाठीही आयमॅपमध्ये सोय आहे: फोल्डरचा ‘यूआयडी-व्हॅलिडिटी’ आकडा बदलला की प्रोग्रॅमने जुनी प्रत स्वतःहून टाकून द्यायची असते. शेअर्ड फोल्डर दिसणार की नाही, हे मात्र सर्व्हरवर ठरतं. फोल्डर तिथे आहे का, शेअर्ड नेमस्पेस, म्हणजे सर्व्हरवरचा शेअर्ड फोल्डरांचा वेगळा विभाग, लावली आहे का, या माणसाला ‘एल’ म्हणजे यादीत दिसण्याचा हक्क आहे का, सर्व्हर यादी देताना तो फोल्डर सांगतो का, आणि माणसाने तो सबस्क्राइब केला आहे का, म्हणजे आपल्या यादीत निवडला आहे का. शोध याच क्रमाने घ्यायचा.

चौथ्या पायरीवर डोव्हकॉटमध्ये फार लोक अडकतात. कोणी कोणाला फोल्डर दिला याची एक वेगळी सामाईक नोंदवही तो ठेवतो. एसीएल फाइल हाताने लिहिली किंवा नुसती कॉपी केली तर ही नोंदवही भरत नाही. मग हक्क आहे, पण फोल्डर यादीत नाही, असं विचित्र चित्र दिसतं. यासाठी ‘डोव्हॲडम एसीएल डीबग’ ही आज्ञा आहे. युजर आणि फोल्डरचं नाव दिलं की नेमकं कुठे अडलंय ते ती सांगते. नोंदवही दुरुस्त करायला ‘डोव्हॲडम एसीएल रिकॅल्क’ आहे. माझ्या मते कोणाच्याही कॉम्प्युटरला हात लावण्याआधी या आज्ञा चालवायलाच हव्यात.

सबस्क्रिप्शनची यादीही सर्व्हरवरच असते. थंडरबर्ड हा मेल प्रोग्रॅम सेटिंग बदललं नाही तर फक्त सबस्क्राइब केलेलेच फोल्डर दाखवतो, म्हणजे अकाउंट नव्याने टाकलं तरी तीच अपुरी यादी पुन्हा समोर येते. उलट अकाउंट काढताना त्या माणसाने तिथे बनवलेले फिल्टर आणि अजून न गेलेले मेल हातचे जाऊ शकतात. शिवाय सगळ्यांनी एकाच सकाळी हे केलं तर प्रत्येकाचा सगळा साठा नव्या सर्व्हरवरून पुन्हा उतरतो, तेही ऐन गर्दीच्या वेळी.

मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज मेल सर्व्हरवरही हीच गत. शेअर्ड मेलबॉक्स आउटलुकमध्ये आपोआप दिसण्याची सोय एकेका माणसाला हक्क दिला तरच चालते, ग्रुपला दिला तर नाही. आणि ‘फुल ॲक्सेस’ मिळाला म्हणून त्या पत्त्यावरून मेल पाठवता येत नाही, त्यासाठी ‘सेंड ॲज’ वेगळा द्यावा लागतो.

‘डीएनएस पसरायची वाट बघा.’

आयमॅपवर तुमचा इनबॉक्स नव्या सर्व्हरवरून उघडतोय ना? मग शेअर्ड फोल्डर त्याच कनेक्शनवरून येतात, डीएनएसचा प्रश्न मिटलेला आहे. आउटलुक शेअर्ड मेलबॉक्ससाठी ऑटोडिस्कव्हर, म्हणजे मेलबॉक्स कुठल्या सर्व्हरवर आहे हे शोधणारी सोय, वेगळं विचारतो, तिथे जुनी नोंद आडवी येऊ शकते. पण तीही तपासता येते, नुसतं बसून राहायचं कारण नाही.

‘सगळ्यांना पूर्ण हक्क देऊन टाका.’

हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. पूर्ण हक्कांत ‘ए’ येतो, म्हणजे ज्याला तो मिळाला तो इतरांचे हक्क बदलू शकतो. ‘एक्स’ही येतो, म्हणजे अख्खा फोल्डर काढता येतो. शेअर्ड फोल्डरची प्रत एकच असते. एकाने पुसलं की सगळ्यांचं गेलं. ‘नंतर आवळू’ म्हणून ढिले सोडलेले हक्क नंतर कोणी आवळत नाही, कारण तेव्हा कोणाची तक्रार नसते. मुळात डोव्हकॉटमध्ये युजरला आपला फोल्डर ‘एनीवन’ (कोणीही) या नावाने सगळ्यांना खुला करू देणं आपोआप बंदच असतं. त्यामुळे अनेकदा हा उपाय लागूही पडत नाही.

‘फोल्डर दिसला की काम संपलं.’

दिसला, पण कुठला? मेल हलवताना साधन प्रत्येक युजरच्या नावाने लॉगिन करत असेल, तर त्याला त्याचे स्वतःचे फोल्डर दिसतात आणि शेअर्डही. शेअर्ड फोल्डर वगळायला सांगितलं नाही तर तो प्रत्येकाच्या खासगी जागेत वेगवेगळा कॉपी होतो. वरवर सगळं ठीक: नाव तेच, मेल तेच, तक्रार बंद. पण आता एकाने त्यात हलवलेला मेल दुसऱ्याला दिसत नाही, आणि एकाच ग्राहकाला दोघं वेगवेगळी उत्तरं पाठवतात. हे ओळखायला सोपी चाचणी आहे. एकाने फोल्डरमध्ये एक मेल टाकायचा आणि दुसऱ्याने तो दिसतो का बघायचं. साठा अचानक कैक पटींनी वाढला असेल तर तीही हीच खूण.

वाचल्याच्या खुणांचंही असंच. सायरस या दुसऱ्या आयमॅप सर्व्हरमध्ये कोणी काय वाचलं याची नोंद माणशी वेगळी राहते. डोव्हकॉटमध्ये ती आपोआप सगळ्यांची मिळून एकच असते. माणशी वेगळी हवी तर नेमस्पेसमध्ये खासगी इंडेक्सची, म्हणजे माणशी वेगळ्या नोंदीच्या फाइलची, जागा द्यावी लागते. ती दिली नाही तर एकाने वाचलेला मेल सगळ्यांना वाचलेला दिसतो, आणि लोक ‘नवीन मेल येतच नाहीत’ म्हणून फोन करतात.

म्हणून जुना सर्व्हर लगेच बंद करायचा नाही. त्यावर नवे मेल घेणं थांबवा, लिहिण्याचे हक्क काढा, पण तो वाचण्यापुरता चालू ठेवा. हक्क काढण्याआधी मात्र प्रत्येक शेअर्ड फोल्डरवर ‘गेट-एसीएल’ ही हक्कांची यादी विचारणारी आयमॅप आज्ञा चालवून उत्तर फाइलमध्ये ठेवा. कोणाकडे खरोखर कोणता हक्क होता हे लोकांना आठवत नाही, आणि मशीन बंद झाल्यावर ते विचारायला दुसरी जागा नसते.